चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला

एके काळी कारखानदार, सिनेनट आणि बड्या डॉक्टरांच्या दारात दिमाखाने उभी असणारी मर्सिडीज आज एखाद्या नव्या छोट्या मोटारीपेक्षाही कमी पैशांत मिळू शकते. अर्थात ती असते पंचवीस-तीस वर्षांची. रंग विटलेला, एक दिवा फुटलेला, दोन-तीन पावसाळे एकाच जागी काढल्यामुळे टायर बसलेले. पण बॉनेटवरचा तारा मात्र शाबूत! विकणाऱ्याने भाव सांगितला की साध्या नोकरदाराचेही मन चाळवते. ‘थोडे पैसे घालू, रविवारी स्वतः काम करू आणि वर्षभरात सहकुटुंब मर्सिडीजमधून फिरू,’ असा बेत मनात आकार घेऊ लागतो.

या बेतात वाईट काही नाही. तो तडीस नेणारे हौशी लोक आपल्या देशात आहेत. त्याचबरोबर अनेक सोसायट्यांच्या आवारात ताडपत्रीखाली झाकलेल्या, अर्ध्यावर सोडलेल्या गाड्याही दिसतात. त्यांत कुणाचा बोनस गेलेला असतो, कुणाची ठेव मोडलेली असते, आणि घरात त्या गाडीचा विषय काढायचीही चोरी झालेली असते. दोघांत फरक पडतो तो कौशल्यापेक्षा हिशेबाचा. ऐषारामी गाडी जुनी होते तशी तिची किंमत उतरते. तिच्या सुट्या भागांची किंमत मात्र त्या प्रमाणात उतरत नाही. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली, तर पुढचे बरेच नुकसान टळते.

पुण्यात जुळलेली मर्सिडीज

उदाहरण म्हणून एकच गाडी घेऊ. भारतात मर्सिडीजचे नाव तसे जुने. १९५४ मध्ये टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांच्या सहकार्याने जमशेदपूरला मालमोटारी बनू लागल्या होत्या. प्रवासी मोटारीसाठी मात्र चाळीस वर्षे थांबावे लागले. १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझची भारतीय कंपनी स्थापन झाली आणि १९९५ मध्ये पुण्याजवळ टेल्कोच्या आवारात पहिली ई-क्लास जुळून बाहेर पडली. (कंपनीचा स्वतःचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला.) हीच ती ‘डब्ल्यू १२४’ मालिकेतील गाडी. पेट्रोलवर चालणारी ई २२० आणि डिझेलवरची ई २५० डी ही तिची आपल्याकडची परिचित रूपे.

जगाच्या बाजारात ही मालिका १९८४ च्या अखेरीस आली होती. ब्रूनो साक्को हे तेव्हा कंपनीच्या डिझाइन विभागाचे प्रमुख होते. सर्व प्रकार मिळून या मालिकेच्या २५ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. जाड पत्रा, साधे आणि समजण्याजोगे यंत्र, बेल्टऐवजी टायमिंग चेन आणि मागच्या चाकांना अनेक दांड्यांचे सस्पेन्शन ही तिची वैशिष्ट्ये. नव्या गाड्यांप्रमाणे प्रत्येक गोष्ट संगणकाच्या हाती गेलेली नाही. म्हणूनच घरच्या घरी काम करू पाहणाऱ्याला ती बरी पडते. तिच्या खोडीही आता सगळ्यांना ठाऊक झाल्या आहेत, आणि ज्याची खोड ठाऊक त्याला सांभाळणे सोपे.

कागद आधी, इंजिन नंतर

गाडी पाहायला जाताना बॉनेट उघडण्याआधी कागद उघडावेत. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडी तपासून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. म्हणजे १९९५ ची गाडी २०१०, २०१५, २०२० आणि २०२५ अशा चार पायऱ्या चढून आलेली असली पाहिजे. यांतली एक जरी पायरी चुकली असेल, तर दंड आणि हेलपाटे नव्या मालकाच्या वाट्याला येतात. नूतनीकरणाचे शुल्कही आता किरकोळ राहिलेले नाही. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील मोटारीसाठी ते ५,००० रुपये झाले, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारीसाठी १०,००० रुपये करण्यात आले. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. आपल्या आरटीओतला चालू दर विचारून तो पहिल्याच दिवशी हिशेबात धरावा.

‘व्हिंटेज’ म्हणून काही सवलत मिळेल, ही आशा नको. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्या वर्गात ५० वर्षांवरील गाड्याच येतात. दिल्ली परिसरातील वाचकांनी तर विशेष जपावे. तेथे १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित न्यायाधिकरणाचे आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे निर्बंध आले. २०२५ मध्येही या विषयावर नवे आदेश झाले. तेथला ताजा नियम पाहिल्याखेरीज विसार देऊ नये. कमी भावाने दिसणारी गाडी पुष्कळदा तिथूनच आलेली असते. परराज्यातील गाडी असेल तर मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र हवेच.

इंजिन आणि चॅसिसचे क्रमांक स्वतः डोळ्यांनी पाहून नोंदणी पुस्तकाशी ताडावेत. जुने कर्ज नोंदवलेले असेल तर बँकेचे पत्र घ्यावे. अनेक गाड्यांचे कर्ज कधीच फिटलेले असते, पण नोंद तशीच राहिलेली असते आणि ती काढताना नाकी नऊ येतात. खरेदीनंतर ३० दिवसांच्या आत नाव बदलण्याचा अर्ज करावा. तिसऱ्या पक्षाचा विमा तर कायद्यानेच सक्तीचा आहे. गाडी केवळ चाचणीपुरती रस्त्यावर आणायची असली तरीही.

ही गाडी पडली की बुडाली?

मोडकी गाडी स्वस्त का झाली, हे कळलेच पाहिजे. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक जाणार असेल, तर विमा कंपनी गाडी ‘संपूर्ण नुकसान’ म्हणून निकालात काढते. अशा गाड्या पुढे लिलावात विकल्या जातात आणि डागडुजी होऊन पुन्हा बाजारात येतात. अपघाताची खूण शोधायची तर दारे, बॉनेट आणि डिकी यांच्या फटी पाहाव्यात. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या नसतील, तर कुठेतरी मार बसला आहे. एक लहान लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावे. जिथे ते धरत नाही, तिथे रंगाखाली लांबीचा थर आहे असे समजावे.

बुडालेली गाडी त्याहून फसवी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईने तेच पाहिले. अशी गाडी धुऊन-पुसून छान दिसते. पण गालिच्याखालचा वाळलेला गाळ, सीटच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खळग्यातली माती, दिव्यांच्या काचेआड साचलेले बाष्प आणि ओलसर वास या गोष्टी खरे काय ते सांगतात. बुडालेली ऐषारामी गाडी कितीही स्वस्त असली तरी नवशिक्याने घेऊ नये. तिच्या तारांत शिरलेले पाणी वर्षानुवर्षे त्रास देत राहते.

डब्ल्यू १२४ मध्ये गंज कुठे लपतो, तेही ठरलेले आहे. जॅक लावण्याच्या जागा, पुढचे मडगार्ड, बॅटरीखालचा ट्रे आणि दारांच्या खालच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांची मागची बाजू. बोट घासून लाल भुकटी आली तर इलाज सोपा. स्क्रूड्रायव्हर आरपार गेला तर पत्रा कापून नवा जोडावा लागतो. मुंबई, कोकण, गोवा आणि चेन्नईच्या खाऱ्या हवेतून आलेली गाडी अधिक बारकाईने पाहावी.

आणखी दोन गोष्टी खिसा रिकामा करणाऱ्या. साधारण १९९३ ते १९९५ या काळातील पेट्रोल इंजिनांच्या तारांवरचे आवरण उष्णतेने तडकून गळून पडते. हात लावताच भुगा होत असेल तर वायरिंगचा पूर्ण संच बदलावा लागेल. दुसरी म्हणजे वातानुकूलन यंत्रातील कूलिंग कॉइल. ती गळू लागली तर बदलण्यासाठी संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. विकणारा ‘फक्त गॅस भरायचा आहे’ म्हणाला, तर ‘मग भरून दाखवा’ असे म्हणावे.

तीन पाकिटांचा हिशेब

पूर्वी पगार झाला की घरोघरी वाणी, भाडे आणि शाळेची फी यांची पाकिटे वेगळी होत. गाडीसाठीही तीच रीत बरी. पहिले पाकीट खरेदीचे, दुसरे ठरलेल्या दुरुस्तीचे आणि तिसरे न दिसणाऱ्या दुरुस्तीचे. दुसऱ्या पाकिटाची रक्कम ठरवण्यासाठी ओळखीच्या मिस्त्रीला सोबत नेऊन यादी करावी आणि प्रत्येक वस्तूचा भाव बाजारात विचारून लिहावा. तिसऱ्या पाकिटात दुसऱ्याच्या निम्मी रक्कम असावी.

समजा, गाडी दीड लाखाला मिळते आहे आणि यादी अडीच लाखांची झाली. त्यात सव्वा लाख न दिसणाऱ्या कामांचे मिळवले की एकूण आकडा सव्वापाच लाख होतो. आता दुसरीकडे त्याच मॉडेलची, नीट राखलेली, सर्व पावत्या असलेली गाडी साडेचार लाखांना मिळत असेल, तर उत्तर उघड आहे. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात ते हेच. अशा वेळी महाग दिसणारी गाडीच स्वस्त पडते.

मग मोडकी गाडी कुणी घ्यावी? ज्याला दुरुस्तीचीच हौस आहे, हाताला काळे लागल्याशिवाय ज्याचा रविवार गोड होत नाही, त्याने. पण त्याने वरचे पाऊण लाख ‘हौसेचा खर्च’ या नावानेच लिहावेत. त्याला बचत म्हणू नये. तिन्ही पाकिटे मुलांच्या शिक्षणाच्या, आजारपणाच्या आणि घराच्या हप्त्याच्या पैशांपासून दूर ठेवावीत. कर्ज काढून तर हा छंद करूच नये. घरातल्या सर्वांसमोर एक आकडा ठरवावा आणि तो ओलांडायची वेळ आली तर गाडी आहे त्या अवस्थेत विकायची, हेही तेव्हाच ठरवावे. आधी बोललेले नंतर भांडण होऊ देत नाही.

आधी पोटोबा, मग विठोबा

गाडी घरी आली की पहिला मोह रंगाचा होतो. तो आवरावा. चकचकीत रंगाची पण ब्रेक न लागणारी गाडी काय कामाची? कामाचा क्रम असा ठेवावा: गाडी थांबली पाहिजे, वळली पाहिजे, तापू नये, मग चालली पाहिजे, आणि सर्वांत शेवटी शोभली पाहिजे.

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीला एकदम चावी मारू नये. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलावा. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे आणि इंजिन पान्याने हाताने फिरवून पाहावे. मोकळे फिरले तरच स्टार्टरला त्रास द्यावा. पुढे कॉम्प्रेशन गेज लावून सर्व सिलिंडरचा दाब तपासावा. तो जवळजवळ सारखा असेल तर निम्मी काळजी मिटली.

ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे ते जुने झाले की आतून गंज चढतो आणि उतारावर ब्रेक दगा देऊ शकतो. ते सगळे काढून नवे भरावे आणि रबरी नळ्या बदलाव्यात. टायरवर नक्षी दिसते म्हणून तो चांगला असे नव्हे. त्याच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१४’ म्हणजे २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. असा टायर नवा दिसला तरी टाकूनच द्यावा.

पाण्याच्या नळ्या, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर यांवर केलेला खर्च कधी वाया जात नाही. एकदा इंजिन तापून हेड वाकले की अख्खे बजेटच वाकते. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलून घ्याव्यात. आता देशभर पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. १९९५ ची गाडी त्यासाठी बनलेली नव्हती आणि जुने रबर त्याने लवकर सडते. त्या नळीतून गळणारा थेंब तापलेल्या इंजिनावर पडणे म्हणजे आगीला आमंत्रण.

यानंतर रबराची बाकी कामे येतात. इंजिन माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश आणि प्रॉपेलर शाफ्टचे रबर कपलिंग. जुनी मर्सिडीज ‘बैलगाडीसारखी चालते’ अशी तक्रार असते, तेव्हा दोष बहुधा या काही रबरी तुकड्यांचा असतो. ते बदलले की गाडी पुन्हा पाण्यावरून गेल्यासारखी चालते.

घरी काय करावे, काय करू नये

तेल, फिल्टर, प्लग, बल्ब आणि नळ्या बदलणे कुणालाही शिकता येते. या गाडीच्या समोरच्या काचेला एकच वायपर असतो. तो फिरताना आत-बाहेर सरकतो आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. त्याच्या पेटीतले वाळलेले ग्रीस काढून नवे भरणे हे सुट्टीच्या दिवसाचे छान काम. दारांची कुलुपे हवेच्या नळ्यांवर चालतात. कुठे गळती आहे ते शोधून नळी बदलली की बिघडलेली कुलुपे पुष्कळदा पूर्ववत होतात. लोंबणारे छताचे कापड, मळलेल्या सीटा आणि निस्तेज लाकडी पट्ट्या यांत घरातली मुले, मोठी माणसे सगळ्यांचेच हात लागू शकतात. वरवरचा गंज घासून त्यावर गंजरोधक द्रव आणि प्रायमर लावणेही घरी जमते.

पण काही कामांना घरी हात लावू नये. पुढची स्प्रिंग हे त्यांपैकी पहिले. या गाडीत ती शॉक ॲब्सॉर्बरपासून वेगळी, खालच्या दांडीवर दाबून बसवलेली असते. खास साधनाशिवाय सोडवायला गेल्यास ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते आणि जीव घेऊ शकते. एअरबॅग, वेल्डिंग, वातानुकूलनाचा गॅस आणि डिझेल पंप ही कामेही जाणकारांचीच. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. दोन भक्कम स्टँड लावावेत, चाकांना अडणी लावावी आणि कुणीतरी जवळपास असावे. स्टँडचे पैसे वाचवणे ही काटकसर नव्हे.

सुट्या भागांचा बाजार

दिल्लीचे कश्मिरी गेट, मुंबईचे कुर्ला, चेन्नईचे पुदुपेट, कोलकात्याचे मलिक बाजार ही सुट्या भागांची जुनी ठिकाणे. दिवा, काच, दाराचे हँडल, सीट असे भाग वापरलेले घेण्यास हरकत नाही. ब्रेक, स्टीअरिंगचे सांधे आणि रबर मात्र नवेच घ्यावे. प्रत्येक भागावर त्याचा क्रमांक असतो. तो लिहून नेल्यास फसगत टळते. गाडीला मूळचे भाग पुरवणारे कारखाने तोच भाग स्वतःच्या नावानेही विकतात आणि तो बहुधा स्वस्त पडतो. पावती घ्यावीच, कारण चोरीचा माल गळ्यात पडला तर गाडीपेक्षा पोलीस ठाण्याच्याच फेऱ्या जास्त होतात. इंजिन किंवा गाडीचा रंग बदलला तर नोंदणी पुस्तकातही तशी नोंद करून घ्यावी लागते.

‘सुट्या भागांसाठी दुसरी मोडकी मर्सिडीज घेऊन ठेवा’ असा सल्ला हमखास मिळतो. जागा, सोसायटीची परवानगी आणि तिच्याही कागदांची जबाबदारी लक्षात घेता शहरात राहणाऱ्याने त्या फंदात पडू नये. एक ताडपत्री पुरे असते, दोन नकोत.

एक वही मात्र जरूर ठेवावी. तारीख, काम, खर्च, भागाचा क्रमांक आणि पावती. काम अडले तर तीच मिस्त्रीला उपयोगी पडते, विकायची वेळ आली तर तीच गाडीचा भाव वाढवते, आणि दर महिन्याच्या शेवटी बेरीज केली की गाडी आपल्या ताब्यात आहे की आपण गाडीच्या, हेही तीच सांगते. ठरलेल्या आकड्याच्या आत ती बेरीज राहिली, तर तीस वर्षांची ई-क्लास पुन्हा रस्त्यावर येते, कुटुंबाला घेऊन फिरते आणि घरातली ठेवही जागच्या जागी राहते.